नाकातले पहारेकरी

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. त्याच वर्षी माझी बायको सुमन गेली. तिची गोधडी तेवढी मी धुतली नाही. तिचा तो कापराचा मंद वास जाईल म्हणून. रोज सकाळी चहाआधी गोधडीत तोंड खुपसून बसायचो. लगेच डोळ्यांना धार, नाकाला धार आणि एकामागून एक पंधरा शिंका.

दुःखात माणूस शिंकतो का, हा प्रश्न मला पडलाच नाही. तुम्हाला पडला असता?

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात घरांची भिंतीला भिंत. शेजारच्या कुसुमवहिनींना सगळं ऐकू जायचं. त्या डबा घेऊन यायच्या. "भाऊजी, किती रडून राहिले तुम्ही? मी माहेरी गेली की आमचे हे तर शिट्टी वाजवतात."

पुढे श्वास अडकायला लागला, तेव्हा त्यांनीच मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर पोरगेलासा, निम्मं हिंदीत बोलणारा.

"अंकल, नाकाच्या अस्तरात जन्मजात पहारेकरी असतात, रिसेप्टर. परकं काही आलं की बोंब मारतात. त्यांना शिकवावं लागत नाही. आपके वाले ज़रा ज़्यादा ही चौकस हैं. घरात न धुतलेलं जुनं कापड आहे?"

"बायकोची गोधडी आहे."

"उसी में धुळीतले बारीक किडे असतात. गरम पाण्यात धुवा."

"मग ते रडणं?"

"ॲलर्जी."

वर्षभराचा शोक त्यानं चिठ्ठीवर एका शब्दात लिहून दिला. मी ती चिठ्ठी खिशात घालून घरी आलो.

दोन दिवस हात धजेना. तिसऱ्या दिवशी शेवटचा वास घेतला, शेवटच्या शिंका दिल्या आणि गोधडी कढत पाण्यात बुडवली. गच्चीवर वाळत घातली, तर पलीकडे कुसुमवहिनी थबकल्या.

"भाऊजी, ही तं आमची आहे न."

"काय?"

"हे हिरवं ठिगळ मीच लावलं. आमच्या मामंजींची गोधडी. रोज गुडघ्याले कापराचं तेल चोळतात ते. सुमनवहिनींनी पाहुण्यांसाठी नेली होती. तुम्ही असे रडून राहिले, मग मी मागू कशी?"

मी कठडा धरला.

नाकातले पहारेकरी पहिल्या दिवसापासून ओरडत होते, परकं आहे, परकं आहे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी चोवीस वर्षं संसार केला होता.