दारासमोरच्या बाकावर

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. अंगणवाडीतून दवाखान्यात, तिथून आणखी कुठे, असं फिरून वैतागलेली मी अखेर स्वारगेटजवळच्या एका रुग्णालयात पोहोचले. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम तिथे एकट्याच होत्या. तारीख देणाऱ्या खिडकीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. चिडून त्या सारखा चष्मा काढून पदराने पुसत होत्या.

"दिवाळीनंतर या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"बरं. तोपर्यंत वाढू नकोस, असं याला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही तो."

एवढं बोलून आजी मॅडमच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मलाही दिवाळीनंतरचीच तारीख मिळाली. मी निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"कुठे निघालात? बसा इथं. एकटीला हाकलतात, दोघींना हाकलताना जरा विचार करतात."

दुपारी मॅडम डबा खायला बाहेर आल्या, आम्हाला पाहून थबकल्या आणि कंटाळून म्हणाल्या, "या आत, दोघीही."

जमिनीवर बसून त्यांनी साबणाचे फुगे उडवले आणि मुद्दाम थांबल्या. माझी मुलगी म्हणाली, "अजून."

मला रडू आलं आणि लगेच संतापही आला. हात धरून बसवणारं कुणी भेटलं नसतं, तर?