मैनेची माय भेटली का?

गुणाबाईला पुस्तकातलं काही कळत नाही असं चांदा जिल्ह्यात, सावलीकडच्या त्या गावात कुणी म्हणालं असतं, तर तिनं त्याला तलावात बुचकळून काढलं असतं. अक्षर एक येत नव्हतं, पण मतं मात्र टोपलीभर होती.

ही मतं तिला लाभली हेडमास्तरांच्या ओसरीवर. त्यांची बायको इंदुताई नागपूरची. तिचा भाऊ तिकडून तिला कादंबऱ्यांच्या माला पाठवायचा, एकेका मालेचे आठ-आठ, दहा-दहा भाग. गुणाबाईच्या घरचा धंदा तलावाचा, मासळी आणि शिंगाडे. दुपारी ती शिंगाड्यांची टोपली घेऊन ओसरीवर सोलायला बसायची आणि इंदुताई मोठ्यानं वाचायची. टोपली संपली की वाचन संपायचं, म्हणून गुणाबाईची टोपली दर आठवड्याला मोठी होत गेली. हेडमास्तरांना वाटे, यंदा शिंगाडा फार पिकला.

गुप्तहेराची माला तिनं दुसऱ्याच भागात निकालात काढली. "बाई, तो मुनीमच चोर हाये. जेवताना जो मान वर करत नाई, त्याचा भरोसा नाई." आणि मुनीमच चोर निघाला. राजेरजवाड्यांच्या मालेत तिला घोडे फार वाटले. "इतक्या घोड्याईले चारा कोन टाकते, तें काऊन नाई लिहत?" जादूच्या मालेबद्दल तक्रार एवढीच, की राक्षस लवकर मरतात.

मग बारा भागांची एक माला आली. नावाड्याची मुलगी मैना पुरात आईपासून तुटते आणि गावोगाव तिला शोधत फिरते. इथे गुणाबाईची सगळी मतं संपली. ती मुकाट्यानं सोलायची आणि उठताना रोज एकच विचारायची, "आता तरी भेटन का वो तिले माय?"

आठ भाग झाले. उरलेले चार एकाच गठ्ठ्यात आले ते छप्पन साली, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या दिवसांत. जिल्हा जागचा न हलता मुंबईला गेला. हेडमास्तरांना मात्र खरोखरच हलावं लागलं. बदली झाली सिरोंचाला, पार गोदावरीकाठी. त्या काळी सिरोंचा म्हणजे काळ्या पाण्याची बदली.

बैलगाडी जुंपल्यावर इंदुताईनं ते चारही भाग गुणाबाईच्या टोपलीत ठेवले. "माझे वाचून झालेत. पेटीत जागा नाही."

"मले कुठी वाचता येते, बाई?"

"लटारूभाऊ तीन बुकं शिकलेत ना? ते वाचतील."

गाडी तलावाच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा गुणाबाई पदर तोंडाशी धरून रडली. एवढी ती स्वतःच्या लग्नातही रडली नव्हती.

लटारू, तिचा नवरा, वाचायला बसला. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकावं तसा तो प्रत्येक शब्दाला अडकायचा. "मै... ना... डों... ग्या... तून..." चुलीवरचा भात करपला तरी मैना उतरेना.

"अवो, उतरू द्या ना तिले डोंग्यातून!"

मोठ्या मुश्किलीनं ती उतरली, तर पुढचं पान उघडेना. दोन पानं कडेला जोडलेलीच होती. "छापणाऱ्यानं गलती केली," लटारू म्हणाला आणि खूश होऊन पुस्तक मिटू लागला.

गुणाबाईनं ते हिसकावलं. तिला ठाऊक होतं. नवी पुस्तकं अशी जोडलेल्या पानांचीच येत. इंदुताई प्रत्येक भागाची पानं सुरीनं कापत कापत वाचायची. गुणाबाईनं चारही भाग चाळले. चारही बंद.

"बाई खोटं बोलल्या," ती खाली बसली. "त्याईनं वाचलंच नाई हो. तसंच देऊन टाकलं मले."

म्हणजे इंदुताई तिकडे तेलुगू बोलणाऱ्या मुलखात बसली असणार, मैनेचं काय झालं हे न कळता.  गुणाबाईनं पदर खोचला.

"मले अक्षरं शिकवा."

"या उमरीत?"

"तुमच्या चालीनं वाचलं तं मैना बुढी होईन अन् तिची मायबी मरन."

तलावाच्या पाळीवर, त्या बांधावरच्या ओल्या चिखलात, शिंगाड्याच्या काट्यानं, ती अक्षरं गिरवू लागली. गाव हसलं. गुणाबाई आता तहसीलदार होते म्हणे! ती हसणाऱ्यांनाच एखादं अक्षर विचारून घ्यायची. लटारूनं एकदा सुचवलं, शेवटचं पान तेवढं पाहून घे आणि मोकळी हो.

"जेवनाआधीच आचवते का कोनी?"

दोन वर्षं लागली. अठ्ठावन्न सालच्या शिंगाड्यांच्या दिवसांत, भर दुपारी, पाळीवर बसून ती अशी हंबरडा फोडून रडली, की लटारू जाळं टाकून धावत आला.

"का झालं वं?"

"भेटली!"

दुसऱ्या दिवशी तिनं आयुष्यातलं पहिलं पोस्टकार्ड लिहिलं. अक्षरं शिंगाड्याएवढी. "इंदुताई, मैनेले माय भेटली." एवढ्यात कार्डाची एक बाजू भरली.

"कुठी भेटली, कशी भेटली, तेंबी लिही ना," लटारू म्हणाला. "मांगं जागा हाये."

"तें नाई लिहत." गुणाबाईनं कार्ड पदराला पुसलं. "तेवढं आयकाले बाईले इथीच या लागन. या खेपेले शिंगाडे त्या सोलतीन, वाचीन मी."