नाव राहू द्या ना, मास्तर!

वर्गात शिकवूनही किस्से जमतात, पण मतदार यादी घेऊन गावात फिरलं की ते पोत्यानं जमतात. आमच्या बाळापूर तालुक्यात बी.एल.ओ. म्हणजे बहुतेक आम्ही मास्तर लोक. कुणाचं नाव यादीत घालायचं, कुणाचं हलवायचं, कुणाचं काढायचं, यासाठी आमची दारोदार फेरी. तहसीलमध्ये मीटिंग असली की साहेब येईपर्यंत चहा होतो आणि एकेक किस्सा बाहेर पडतो.

*

मतदानाच्या सकाळी मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसलो होतो. आमच्या गावचे नामदेवकाका सगळ्यात आधी हजर, धोतर कडक इस्त्रीचं.

"काका, वोटर कार्ड आणलं ना?"

"गर्दीत हरवलं त? जपून ठेवलं, मास्तर. ब्यांकेच्या लॉकरमंदी!"

"मग घेऊन या की."

"ब्यांक बंद हाय ना! मतदानाची सुट्टी!"

शेवटी खिशातलं आधार कार्ड दाखवून काकांनी मत दिलं. ते मात्र विड्यांच्या बंडलासोबत ठेवलेलं असतं.

*

आमच्या गावंडे सरांकडे भाजी पिकवणाऱ्यांची वस्ती आहे. ही माणसं पहाटे मळ्यात, दुपारनंतर बाजारात. सर शाळा सुटल्यावर जाणार, तर एका घराला कायम कुलूप. वैतागून त्यांनी ठरवलं, 'इथे राहत नाहीत' असं लिहून मोकळं व्हायचं.

घरी जाताना नेहमीच्या बाईकडे वांगी घ्यायला थांबले. सहज विचारलं, "शांताबाई म्हणून कोणी ओळखीच्या आहेत का? सापडत नाहीत. नाव कटणार बिचारीचं."

बाईनं तराजू खाली ठेवला. "सर, रोज माह्याकडूनच वांगे नेता, आन मीच सापडत नाई?"

नाव वाचलं. त्या दिवशीची वांगी मात्र किडकी निघाली, असं सर सांगतात!

*

मतदानाच्या आदल्या दिवशी एक पोरगा बाइकवरून आला. "सर, नाव टाकून द्या. उद्या मत द्यायचं हाय."

मी म्हणालो, "अरे, तूर काढायच्या दिवशी पेरतो का कोणी?"

"काहून सर? मोबाइलचं रिचार्ज त लगेच होते!"

*

एका गृहस्थांचं नाव गावातही निघालं आणि अकोल्याच्या फ्लॅटवरही. म्हटलं, "भाऊ, नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. तुम्ही राहता कुठं?"

"तसं नाई सांगता येत. नळ येते त अकोल्यात राहतो, नाई येत त गावात."

"मग नाव कुठं ठेवू?"

"नळवाल्याले इचारून सांगतो!"

*

सुमनमावशींचा झेंडूचा मळा. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर हार ओवत होत्या. लेक वर्षा लग्न होऊन धारणीला गेलेली, सासरचं किराणा दुकान आहे. नाव अजून माहेरच्याच यादीत. मी म्हणालो, "मावशी, आता वर्षाचं नाव धारणीला न्यायला पाहिजे."

"राहू द्या ना, मास्तर."

"का हो?"

"दिवाळीले दुकानात गर्दी असते, राखीले सासूचे गुडघे दुखतात. कशालेच सोडत नाई तिले. पन मतदान म्हटलं की सासरा सोता जीपमंदी बसवून देते. मतदानाले कोन अडवन?"

पण नियम कुणाच्या आईला ओळखत नाही. माणूस राहतो तिथंच त्याचं नाव. जिवावर आलं होतं, तरी समजावून सांगितलं. तिथूनच वर्षाला फोन लावून अर्ज भरायला सांगितलं. ती नुसतं "बरं सर" म्हणाली.

मावशींनी हार पुरा केला, गाठ मारली. मी चपला घातल्या तशा दारापर्यंत आल्या.

"मास्तर, पोरीचं नाव माह्यापाशी ठेवता येतच नाई ना?"

"नाही, मावशी."

"मंग माहं नाव धारणीले टाकून द्या!"