खिंडीत कुणी सायकल मागितली

तुमच्या अंकात लोक असले अनुभव लिहितात ते मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. माझं वय पंच्याहत्तरीला टेकलं, शिक्षण चौथी. चाळीस वर्षं मी अंधारात उठून सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून वेल्ह्याला गेलोय... ओढ्यातनं, स्मशानावरनं. मला कदी काही आडवं आलं न्हाई. कुणी म्हणालं मला दिसलं, तर मी त्याला विचारायचो, काल किती घेतली होतीस? माझं मत आजबी तेच हाय. तरी लिहितोय, कारण ही एक गोष्ट मला कुठंच बसवता येत न्हाई.

आमचं गाव गुंजवणे धरणाच्या वरच्या अंगाला. हितं डोंगराच्या उतारावर पुण्याच्या एका साहेबानं द्राक्षं लावली. हा भाताचा मुलूख, असला पाऊस... आमी सगळे हसलो. पण त्यानं वर प्लास्टिक ताणून बाग जगवली, बाजूला चार खोल्या बांधल्या, आणि आता रविवारी पुण्याची माणसं सायकली घेऊन येतात. येतात ती आमच्या जुन्या रस्त्यासाठी. बागेपासून पाण्याच्या कडेकडेनं निघतो आणि वळणं घेत खिंडीत चढतो, पाच किलोमीटर. ओढ्यावरची मोरी वाहून गेली तवापासून त्यावर चारचाकी जात न्हाई, सगळी गर्दी खालच्या नव्या रस्त्याला. वर नुसता वारा.

साहेबानं मला वाट दाखवायला पुढं ठेवलंय. माझी सायकल जुनीच, काळी, बिनगिअरची. पहिल्या दिवशी एका पोरानं विचारलं, "काका, गिअर नाहीत?"

मी म्हणालो, "हायत की. पायात हायत."

खिंडीत मी पहिला पोचलो. तवापासून कुणी विचारत न्हाई.

तर होळीच्या आधीचा रविवार. सकाळचे नऊ वाजले असतील, लख्ख ऊन. खिंड ओलांडली की थोड्या अंतरावर पाण्याचं टाकं हाय, तितं मी सगळ्यांना पोहे खायला थांबवतो. सगळे आले, एक मॅडम मागं राहिल्या. पन्नाशीच्या, बँकेतल्या, बोलक्या. फोटो काढत असतील म्हणून मी काही गेलो न्हाई. पंधरा-वीस मिनटांनी आल्या त्या हसतच.

"काका, गंमत झाली. खिंडीत एक मुलगी भेटली, साडीतली. म्हणाली, एक चक्कर मारू का? मी म्हटलं, मार की. पण ती सीटवर बसेचना. नळीखालून पाय घातला आणि वाकडी होऊन हाफ पॅडल मारत गेली, पूर्वी लहान मुलं मारायची ना, तशी. वळणापर्यंत जाऊन आली आणि सायकल परत दिली. एवढी मोठी मुलगी!"

बाकीचे हसले. मीबी हसलो असंन. मग म्या विचारलं, मोठी म्हंजे केवढी? म्हणाल्या, असेल बावीस-तेवीसची. म्या विचारलं, कुणाची काय सांगितलं का?

"नाही. पण तुम्हाला ओळखते. पुढं कोण आहे, आबा का, म्हणाली. मी म्हटलं, काळ्या सायकलवाले काका आहेत. तर म्हणते, त्यांना सांगू नका मी सायकलला हात लावला म्हणून." आणि मॅडमच पुढं म्हणाल्या, "बघा, सांगू नको म्हणाली आणि मी सांगून टाकलं."

आता हितं मला मागचं लिहावं लागंल. लिहायला बरं वाटत न्हाई, पण अर्धं लिहून उपयोग न्हाई.

मला एक मुलगी होती, नंदा. आठवीत होती तवा शाळा खिंडीच्या पलीकडं, रोज चालत जायची अन चालत यायची. एक दिवस म्हणाली, आबा, दूध घालून आलात की सायकल घरीच असती, मला शिकवा की. मी म्हणालो, पोरीच्या जातीला सायकल कशाला, माणसं तोंडात शेण घालतील. परत विचारलं न्हाई तिनं. पण एका दुपारी मी देवळापाशी आलो तर ही माझीच सायकल घेऊन, नळीखालनं पाय घालून, अर्ध्या पॅडलवर चाललेली. देवळापुढचा पार माणसांनी भरलेला. त्या सगळ्यांदेखत म्या तिच्या कानफटात मारली. आणि दुसऱ्या दिवशी साखळी-कुलूप आणलं, किल्ली करगोट्याला.

त्या पावसाळ्यात तिची शाळा सुटली. चालून चालून पाय दुखतात म्हणाली. मी म्हणालो, बरं.

त्यानंतर तिनं माझ्याकडं कदी काही मागितलं न्हाई. रुसली न्हाई, उलट बोलली न्हाई. चहा द्यायची, पाय चेपायची. लग्नातल्या साडीचं विचारलं तर "तुमी आणाल ती." एकोणिसाव्या वर्षी सारोळ्याला दिली. तेविसाव्या वर्षी काविळीनं गेली. दवाखान्यात मी शेजारी बसलो होतो. काय हवं का म्हणून तीनदा विचारलं. मान हलवली, नको.

त्या रविवारी मी पोहे तसेच ठेवून खिंडीत परत गेलो. कुणी न्हाई. तितून दोन्ही अंगांचा रस्ता लांबपर्यंत दिसतो, एक शेरडूबी नव्हतं. मी हट्टी माणूस हाय. खिंडीच्या अलीकडं-पलीकडं दोन वाड्या हायत, तितं घरोघर जाऊन विचारलं, त्या दिवशी सकाळी खिंडीत कोण गेलं होतं. कुणीच न्हाई. आता मला आबा म्हणणाऱ्या पोरी गावात ढीगभर हायत, ते मी जाणतो. पण त्या स्कूटी चालवतात. ज्यांना सायकल येती त्या सीटवर बसून चालवतात, ल्हानपणापास्नं त्यांच्या मापाची सायकल मिळालेली असती. नळीखालनं पाय कोण घालतं? ज्याला बापाची उंच सायकल चोरून घ्यावी लागली... आणि पुढचं शिकायला मिळालं न्हाई, ते.

घरी आल्यावर म्हातारीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं रडंल, न्हाईतर मला येड्यात काढंल. बराच वेळ सुपातलं खडं बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "दिली का त्या बाईनं?"

"काय?"

"सायकल. दिली का तिला?"

"दिली."

"बरं झालं." आणि उठताना म्हणाली, "तुमास्नी आज ध्यानात आलं व्हय?" एवढंच. त्यावर परत आमचं बोलणं न्हाई.

मी आता मधल्या वारीबी एकटाच खिंडीत जातो. सायकल कडेला लावतो, कुलूप घालत न्हाई. बसतो तासभर. काही दिसत न्हाई, काही ऐकू येत न्हाई. कुणी म्हणंल मॅडमनं थट्टा केली, पण मॅडमला आमच्या घरातलं काय म्हाईत? ती पारावरची माणसंबी एकेक करून गेली. कुणी म्हणंल कुणीतरी वाटसरू बाई असंल. असंल. मी काहीच ठरवू शकत न्हाई, आणि मला ते ठरवायचंबी न्हाई.

मला एकच पाहिजे होतं. "आबांना सांगू नका" हे ती हसत म्हणाली का भिऊन म्हणाली. तीस वर्षांनीबी पोरगी मला भीत असंल, तर मग... म्हणून बागेतल्या मॅनेजरकडनं नंबर घेऊन म्या मॅडमला फोन केला. तेवढंच विचारलं.

"काका, खरं सांगू का? तिच्या तोंडाकडं माझं लक्षच नव्हतं. सायकल नवी आहे माझी, महागाची. पाडते की काय म्हणून मी सगळा वेळ सायकलकडंच बघत होते. सॉरी हं."

मी म्हणालो, असू द्या मॅडम, आणि फोन ठेवला. त्यांना काय बोलणार. देवळापाशी त्या दुपारी माझंबी ध्यान सायकलीवरच होतं.