गच्चीवरच्या कुरडया

हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीतालच्या गल्लीत अंजनीइतकी भांडखोर बाई दुसरी नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, म्हणून लिहायलाही हरकत नाही. भाजीवाला तिच्या दारापुढे आला की आधी तराजू पुसून घेतो. पण ही एवढी भांडणारी बाई दोन वर्षं चुकीच्या माणसाशी भांडली.

तिचा नवरा रत्नाकर फॅक्टरीतून रिटायर झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे दगड दळायची मिल सुरू झाली. पांढरा दगड, त्याची पांढरी भुकटी. रत्नाकरचा दमा आधी थंडीपुरता यायचा, तो बारा महिने घरी राहायला आला. खिडक्या बंद, फटींत ओले टॉवेल कोंबलेले, आणि तो खाटेवर उशीला टेकून बसलेला. बोलायला लागला की अर्ध्या वाक्यात थांबायचा. उरलेलं अंजनी पूर्ण करायची, आणि बहुतेक चुकीचंच करायची.

त्याच उन्हाळ्यात तिच्या कुरडया कचकचायला लागल्या. मुलीच्या, मोनालीच्या, सासूने नागपूरहून फोन केला, "विहीणबाई, आमचे दात पाडायचा बेत आहे काय?" झालं! अंजनी पाटनच्या गहूवाल्याकडे बसने गेली आणि भर बाजारात त्याच्यावर बरसली. पुढच्या वर्षी सिहोऱ्याचा गहू घेतला. तीन दिवस भिजवला, वाटला, चीक तीनदा फडक्यातून गाळला. तरी कचकच.

"काकू, आता काहून?" ती माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली.

मिल समोर दिसत होती, पण आमचं डोकं तिकडे गेलं नाही. कुरडई पांढरी, भुकटीही पांढरी, आणि गच्चीवर वाळताना वरून लुगडं झाकलेलं. आणि घरची कुरडई बिघडली की बाई आधी आपला हातच तपासते. मी म्हटलं, "एक ताट घरात पंख्याखाली वाळव." वाळवलं. तळलं. कचकच नाही!

अंजनीने दुसरी कुरडई मोडून उजेडात धरली. मग म्हणाली, "म्हणजे हे कुरडईत जाते, तर यांच्या छातीत किती गेलं असेल जी?"

तशीच ती मिलच्या सेठकडे गेली. सेठ हसला. "माताजी, पत्थर का चूरा है. पत्थर से तो भगवान बनते हैं."

"तो आप फाँक लो सुबह-शाम, पुण्य लगेगा," अंजनी म्हणाली.

हसून हसून सेठने तिला बाहेर काढलं. वरून कळलं की तो दुसरी चक्की बसवून राहिला, ती नेमकी रत्नाकरच्या खिडकीमागे. परवानगीआधी प्रदूषणवाले साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी "धूळ नाही" लिहिलं की रत्नाकरची खिडकी कायमची बंद.

धूळ ओढायचं मशीन मिलमध्ये होतं बरं का. पण विजेचं बिल येते म्हणून ते झाकून ठेवलेलं. साहेब यायचे त्या दिवशी ते सकाळपासून घुमत होतं. रस्त्यावर टँकरने पाणी मारलं. आणि मिलची दोन माणसं पाइप घेऊन अंजनीच्या दारात, "माताजी, आपकी छत धो दें?"

हिला वाटलं, लाज वाटली असेल मेल्यांना. धुऊ दिली! मी पोचले तेव्हा गच्ची आरशासारखी चकचकीत. मी कपाळावर हात मारला. "अंजने, पुरावाच धुऊन दिलास ना!"

साहेब आले, सोबत सेठ. साहेबांनी कठड्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. "साफ तो है," म्हणाले आणि पेन काढलं. खालच्या खोलीतून रत्नाकर खोकत होता. सेठ म्हणाला, "बुजुर्ग हैं, उमर का तकाजा है."

अंजनी तडक खाली गेली. मला वाटलं, लाटणं आणते. आणलं कुरडयांचं ताट, गरम, फुललेल्या. पंख्याखालच्या नव्हे, आठ दिवस गच्चीवर वाळवून डब्यात भरलेल्या. डबा काही त्या पाइपवाल्यांनी धुतला नव्हता.

"पहली बार घर आए हैं, मुँह मीठा... नहीं, नमकीन कीजिए."

साहेबांनी घास घेतला. कचक. त्यांचं तोंड जागच्या जागी थांबलं.

"आप भी लीजिए, सेठजी."

"मेरा उपवास है," सेठ म्हणाला.

"क्यों? अभी तो आपके ऑफिस में साहब के साथ समोसा खाया," मी म्हटलं. गच्चीवरून दिसते आम्हाला सगळं.

"खाइए," आता साहेबच म्हणाले. सेठने कुरडई हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली, आणि ताटात परत ठेवली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तोंडातला घास रुमालात काढला, आणि उरलेल्या कुरडया थैलीत मागून घेतल्या.

दुसरी चक्की बसली नाही. मशीन आता बऱ्याचदा चालते. संध्याकाळी रत्नाकरची खिडकी वीतभर उघडी असते आणि एखादं वाक्य तो पूर्ण करतो, ते अंजनीला आवडत नाही. सेठ आमच्याशी बोलत नाही. त्याचा ट्रक मुद्दाम अंजनीच्या दारापुढे हॉर्न देतो, ही मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसते.

खायच्या कुरडया आता घरात पंख्याखाली वाळतात. गच्चीवर एक ताट वेगळं असते, त्यावर लुगडंही नाही झाकत. दर महिन्याला ती ते तळते, डब्यात भरते आणि ऑटोने साहेबांच्या ऑफिसात नेऊन देते. परवा शिपायाने विचारलं, "अम्माजी, साहब खाते हैं क्या?"

"नहीं भैया," अंजनी म्हणाली, "बस एक दाँत से देख लेते हैं."