तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. आता ज्याला सांगायला हवी होती तो माणूसच राहिला नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

भोपाळमधल्या आमच्या कॉलनीत एक पोहण्याचा तलाव आहे. फार मोठा नाही, पण आम्हा निवृत्त मंडळींची सकाळी सहाची बॅच तिथे इमानेइतबारे जमते. मी सरकारी पाणीपुरवठ्यात नोकरी केली. राजधानी हलली तेव्हा वडील नागपूरहून कचेरीबरोबर इकडे आले, आम्ही तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि माझं सगळं आयुष्य पाणी स्वच्छ करण्यात गेलं. त्यामुळे तलावाच्या बाबतीत कॉलनीत माझा शब्द शेवटचा असे. ‘आंघोळ केल्याशिवाय आणि धुतलेल्या कपड्यांशिवाय पाण्यात उतरू नये’ ही भिंतीवरची पाटीसुद्धा मीच रंगवून घेतली होती.

तलाव सांभाळायला जुन्या शहरातले एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. मी त्यांना मियां म्हणायचो, ते मला साब. पंपाच्या खोलीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून ते गळ्यात घालत. पोहताना मी दमून कडेला आलो की वरून त्यांची अस्सल भोपाळी हाक यायची, “को खां, बस दो चक्कर? पेन्शन पूरी लेते हो, तैरते आधा हो!”

त्या वर्षी आमच्या घरचा गणपती शहराच्या मोठ्या तलावावर, बड्या तालाबावर, विसर्जन केला. छातीभर पाण्यात उतरायचं होतं, म्हणून मी शहाणपणा करून पोहण्याचीच हाफपँट घालून गेलो. विसर्जन झालं की तिथली थोडी वाळू पाटावर ठेवून घरी आणतात, ती आम्हीही आणली. घाटावर गर्दी होती, धक्के बसत होते. बायको म्हणाली, “अहो, पाटावरची सगळी सांडेल. मूठभर खिशात टाका ना!” मी टाकली. घरी आल्यावर पाटावरची वाळू तुळशीत गेली, खिशातली विसरलो. पँट दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पँट घालून मी थेट तलावावर गेलो. घाटावरून आल्यावर आंघोळ केलीच होती, परत कशाला, असं म्हणून नळाखाली उभाही राहिलो नाही. शिडीपाशी तिसरी पायरी ही माझी बसायची जागा. तिथे बसल्यावर मांडीला काहीतरी टोचलं. खिसा उलटा केला आणि ती ओली, काळपट वाळू पाण्यात झटकून टाकली. चार हात मारले आणि घरी येऊन पोहे खाल्ले.

तीन आठवड्यांनी तिसऱ्या पायरीवर काळे ठिपके दिसले. मोहरीएवढे. मग खालच्या पायरीवर, मग कोपऱ्यातल्या टाइल्सच्या फटींत. ते पाहून मला खिशातली वाळू आठवली, पण मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

मी माझ्या पद्धतीने क्लोरीन वाढवलं. पाणी काचेसारखं झालं, डोळे चुरचुरले, ठिपके मात्र जागच्या जागी. मियां म्हणाले, “साब, दवा तो ऊपर-ऊपर घूम के चली जाती है. ये जड़ पकड़ के बैठी है.” मी म्हटलं, “मियां, अख्ख्या शहराला पाणी पाजलंय मी.” ते हसले आणि जाळी घेऊन पाण्यातली पानं काढायला लागले.

मग कमिटीची मीटिंग झाली. अध्यक्ष पूर्वी चार इमलीच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या, बंगल्यात राहिलेले. बोलण्यात अजून तोच थाट. ते म्हणाले, “हा माणूस वेळेवर औषध टाकत नाही, दुसरं काय!” मग माझ्याकडे वळले, “तुम्ही तज्ज्ञ. तुमचं काय मत?”

मियां दाराशी उभे होते. मी म्हणालो, “देखभालीत कुठेतरी कमी पडलं असेल.”

एवढंच बोललो. तेवढ्यावर ठरलं: शेवाळ निघालं की तलाव एजन्सीकडे द्यायचा आणि मियांनी गेटवर बसायचं.

त्यानंतरचे दहा दिवस मात्र माझ्या म्हातारपणातले फार चांगले दिवस होते, हेही खरंच सांगायला हवं. मियांच्या पद्धतीने काम सुरू झालं. पायऱ्या उघड्या पडेपर्यंत पाणी उतरवलं. तारेचा ब्रश घेऊन दोघंही गुडघ्यांवर. प्रत्येक ठिपक्यावर एक कडक टोपी असते. ती खरवडून फोडायची आणि मगच त्यावर औषध चोळायचं. नाहीतर औषध आत पोचतच नाही. हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. पाठ दुखायची. ऊन चढलं की कडेला बसून आम्ही त्यांच्या डब्यातल्या शेवया आणि माझ्या घरचं थालीपीठ खायचो. ते म्हणायचे, “साब, ब्रश ऐसे पकड़ते हो जैसे फाइल पे दस्तखत कर रहे हो.” मी इतका हसायचो की ठसका लागायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी खाली मान घालून घासता घासता त्यांनी विचारलं, “गणपती में बड़े तालाब गए थे, साब?”

“हो, गेलो होतो.”

“हां. उधर की काई पक्की होती है,” ब्रशने शेवाळाकडे दाखवत ते म्हणाले आणि तिसरी पायरी घासत राहिले. रोज झाडणाऱ्या माणसाला पायरीवरची वाळू दिसली नसेल का? पुढे ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी एकही ठिपका उरला नाही. फिल्टर उलटा चालवून धुतला, तलाव भरला. मियांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली. मी तिथेच उभा होतो. पुढच्या मीटिंगमध्ये सांगू, असं मनाशी म्हणालो. तशा किती मीटिंगा झाल्या. मियां दोन वर्षं गेटवर बसले. सकाळी मी पोहून निघालो की विचारायचे, “पानी कैसा है?” मी म्हणायचो, “साफ आहे, मियां.”

त्यांनी काम सोडल्यावर मी तीनदा त्यांच्या घरी गेलो, दर वेळी सांगायचं ठरवूनच. दर वेळी ते नातवंडांना जमवून म्हणायचे, “ये वोही साब हैं, अफसर होके मेरे साथ घुटनों पे बैठे थे.” मग चहा यायचा, मुलं हसायची. त्या आनंदात ते वाक्य बाहेर काढणं मला जमलं नाही. गेल्या हिवाळ्यात मियां गेले.

तिसरी पायरी आजही स्वच्छ आहे. मी रोज तिथेच बसतो, आंघोळ करून, खिसे तपासून. वाक्य अजून तसंच पाठ आहे, त्यांच्याशी बोलायचो त्या भाषेत: मियां, वो काई मैं लाया था, मेरी जेब की रेत से. चाबी आपके गले से मेरी वजह से उतरी. मुझे माफ़ कर दीजिए.