साडूंच्या मागे एक तरी माणूस

ज्या शहरात उभ्या जन्मात बर्फ पडत नाही, त्या शहरात बर्फावरच्या शर्यतींसाठी जीव टाकणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघावा, यात माझंच मागल्या जन्मीचं काहीतरी पाप असणार असं मी धरून चालतो. तशी मला कुठलंही पाप स्वतःकडे ओढून घ्यायची सवय आहे. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. साडूंना असलं काही वाटत नाही. ऑकलंडमध्ये बर्फ पडत नाही हा ते ऑकलंडचा दोष मानतात, आणि तो दूर होईपर्यंत आपल्या तयारीत खंड पडू नये एवढंच पाहतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनियर, राहणार ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात. वय साठीला टेकलेलं, उंची बेताची, पोट उंचीच्या मानाने उदार. चाळिशीपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. मग कंपनीच्या सहलीला ते साउथ आयलंडला गेले, तिथे कोणीतरी त्यांच्या पायांना लांबलचक पट्ट्या बांधल्या, हातात दोन काठ्या दिल्या, आणि माणूस कायमचा हातचा गेला. डोंगरावरून सुसाट खाली येतात ती स्की वेगळी. साडूंची स्की माळावरची. मैलोनमैल स्वतःच्या दमाने चालत, घसरत, चढत जायचं. खाली यायला निदान गुरुत्वाकर्षण मदत करतं. साडूंना तीही मदत नको असते.

बर्फ नाही म्हणून सराव अडत नाही. त्यासाठी चाकांच्या स्की मिळतात, आखूड दांडीला पुढेमागे एकेक चाक लावलेल्या. उन्हाळा ओसरला की साडू दर सकाळी त्या पायांत अडकवून फ्लॅट बुशच्या नव्याकोऱ्या गुळगुळीत रस्त्यांवर उतरतात. ब्रेक नावाची वस्तू त्या प्रकारात नसते. त्यामुळे थांबायचं झालं की ते कोणाच्या तरी लॉनवर शिरतात, आणि कचऱ्याच्या गाडीचा दिवस असला तर रांगेत उभ्या केलेल्या बिन्सपैकी एखादीला मिठी मारतात. अंगात शर्यतीचा तो कातडीसारखा घट्ट पोषाख. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. मग म्हणाल्या, "हे घालून जायचं असेल तर मागच्या दाराने जा. आणि आपलं आडनाव कोणी विचारलं तर सांगू नका." एकदा दूध संपलं म्हणून साडू चाकांवरच कोपऱ्यावरच्या डेअरीत शिरले ते थेट आतल्या फ्रीजवर जाऊन थांबले. दुकानदाराने मान वर न करता कुठलं दूध ते विचारलं, "अंकल, ब्लू टॉप की लाइट?" त्याला सवय झाली आहे. शाळेला जाणारी पोरं "व्हेअर्स द स्नो, अंकल?" म्हणून ओरडतात. साडू न रागावता काठी उचलतात आणि दक्षिणेकडे दाखवतात.

पण चाकं हा झाला व्यवहार. साडूंचा परमार्थ म्हणजे मेण. स्कीच्या तळाला मेण लावायचं, आणि कुठलं लावायचं ते बर्फ किती थंड आहे यावर ठरतं. कडक थंडीत कडक मेण, बर्फ ओलसर झाला तर मधासारखं चिकट मेण. चुकलं की माणूस एकतर जागच्या जागी मागे घसरत राहतो, नाहीतर पायाखाली बर्फ साचून अडकून बसतो. गोष्ट एवढीच, पण साडू ती सत्यनारायणाच्या कथेसारखी अध्याय पाडून सांगतात, आणि ऐकणाऱ्याला प्रसाद न घेताच उठावं लागतं. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. तिथे स्की, मेणाच्या वड्या आणि मेण वितळवायला ताईंची जुनी इस्त्री असते. ती इस्त्री मी एकदा न विचारता माझ्या पांढऱ्या शर्टावर फिरवली. छातीवर हिरवा पट्टा उमटला. मी माफी मागत असताना साडू शर्ट चाचपून म्हणाले, "उत्तम बसलंय. आता यावर पाणी ठरणार नाही." घरच्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्यात त्यांचा बर्फ मोजायचा थर्मामीटर खोचलेला असतो. पाहुण्यांना वाढताना ताई तो काढतात, पुसतात आणि परत खोचतात.

गणपतीत मंडळाच्या प्रदक्षिणेलाही हा माणूस सरळ चालत नाही. एक पाय मागे लांबवत, उलटा हात पुढे फेकत जातो. त्यात एकदा शेजारच्या बाईंचं आरतीचं तबक उडालं. "वजन पुढच्या पायावर ठेवा, वहिनी," साडूंनी त्यांनाच समजावलं, "मग धक्का लागत नाही." देवाने हे पाहिलं असणार. त्यानेही काही केलं नाही.

साडूंच्या स्की क्लबात मोजकी माणसं आहेत आणि ब्रूस नावाचे सत्तरीचे अध्यक्ष. ते पूर्वी दुधाच्या फॅक्टऱ्यांत यंत्रं बसवत. कुठल्याही संकटावर त्यांचं उत्तर एकच, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. दर रविवारी सकाळी ही मंडळी चाकं लावून जमतात, ऑगस्टमधल्या क्लबांच्या मोठ्या शर्यतीची तयारी करतात, आणि ऑगस्टमध्ये साउथ आयलंडच्या डोंगरात जाऊन हरतात. बाकीचे कमीजास्त हरतात. साडू शेवटचे येतात. दरवर्षी. त्या शर्यतीच्या वाटेवर लाल झेंडे रोवलेले असतात, आणि शेवटच्या स्पर्धकाच्या मागून सॅली नावाची एक बाई ते उपटत येते, म्हणजे वाट बंद झाली. इतकी वर्षं साडूंच्या मागून चालून ती घरातलीच झाली आहे. तिला ताईंचं ब्लड प्रेशर ठाऊक असतं. साडूंनी तिला "चला" शिकवलंय, आणि ते दम खायला थांबले की ती झेंड्यांची मोळी सावरत म्हणते, "चला, चला."

गेल्या वर्षी सीझनच्या तोंडावर डॉक्टरांनी साडूंच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, हा हिवाळा काढा, मग गुडघा बदलू, त्यानंतर शर्यती बंद. साडूंनी एक्स-रे गॅरेजात स्कींच्या शेजारी टांगला. पण जेवताना, भात कालवता कालवता, म्हणाले, "एकदा मागे वळून बघावं आणि माणूस दिसावा. सॅली नाही. शर्यतीतला."

"बाबा, यू आर लिटरली लास्ट एव्हरी इयर," त्यांची मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं.

"म्हणूनच सांगतोय," साडू म्हणाले.

आठवड्याने माझ्या घरी, हॅमिल्टनला, ताईंचा फोन आला. "तुम्ही यंदा शर्यतीत उतरा."

"ताई, मला स्की येत नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. येणारी माणसं मला काय करायचीत? आणि ह्यांना कळता कामा नये."

मला कोणालाच नाही म्हणता येत नाही, आणि ताईंपुढे तर शेजाऱ्याचं ते कुत्रंसुद्धा भुंकणार नाही. मी दर रविवारी गाडी हाकत फ्लॅट बुशला जाऊ लागलो. मनात खोट घेऊन जात होतो, म्हणून मोटरवेवर कोणी मागून हॉर्न वाजवला तरी मला तो रास्त वाटायचा. साडूंना मात्र आभाळ ठेंगणं झालं. हॅमिल्टनचा म्हणून ते मला हॅमिल्टनकर म्हणतात. "गुडघे, हॅमिल्टनकर, गुडघे वाकवा," असं ओरडत ते माझ्या बाजूने धावायचे, मी बिन्सवर आदळलो की बिन उभी करायचे, मग मला. क्लबात ज्याला त्याला सांगायचे, "हा माणूस तयार होतोय." ब्रूस माझ्या ढोपरांकडे बघून म्हणायचे, "स्वीट ॲज."

शर्यतीच्या दिवशी सकाळी डोंगरावर ताजा, कोरडा बर्फ पडला होता. गारठा असा की नाकाचं अस्तित्व फक्त स्मरणाने कळावं. साडूंनी मला भाड्याच्या स्की घेऊन दिल्या होत्या, तळाला माशासारखे खवले असलेल्या. त्यांना मेण लागतच नाही. "तुम्ही अजून मेणाला आला नाहीत," ते हळुवारपणे म्हणाले. मग त्यांनी श्रीखंडातून आणलेला तो थर्मामीटर काढला, बर्फात खोचला, आणि मला काहीतरी शंका आहे असं माझ्या चेहऱ्यावर पाहून परत उपटून मुठीत धरला. माझा चेहरा नेहमीच तसा असतो. थर्मामीटर तसाच मुठीत ठेवून, माझ्यासमोर हलवत, त्यांनी मला तपमान अचूक मोजण्याचं महत्त्व बराच वेळ समजावलं. मग त्यात पाहिलं. "अरे वा, उबदार आहे," म्हणाले, आणि ते मधासारखं मेण तळभर फासलं. आपण आपल्या मुठीचं तपमान मोजलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही आलं. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

शर्यत सुटली. सगळे निघून गेले. मी दोनदा पडलो, साडू पुढच्या वळणामागे दिसेनासे झाले, आणि मला ताईंच्या कामाला आलो याचं समाधान वाटलं. वळण ओलांडून पाहतो तर साडू तिथेच. चिकट मेणाला कोरडा बर्फ धरला होता आणि दर पावलाला पायाखाली मोदक वळले जात होते. जन्मात उंच नसलेले साडू वीतभर वर गेले होते. ते पाय आपटून मोदक झाडत, पुढे पाऊल टाकत, आणि पुन्हा उंच होत. मी शक्य तितका हळू चाललो, पण पुढे उतार आला. थांबायचं कसं हे मला शिकवलेलं नव्हतं, कारण फ्लॅट बुशला शेवटी बिन असायची. मी साडूंच्या शेजारून घसरत गेलो. "माफ करा, साडूभाऊ," मी म्हणालो.

"गुडघे," मागून आवाज आला.

त्या उतारावर माझ्या तोंडून बारीकसं हसू निसटलं. ते काय होतं याचा विचार न करता मी खाली पोचताच बसकण मारली आणि बुटाशी खेळत राहिलो. साडूंनी माझ्या पुढे जावं आणि विषय संपावा. साडू चालतच आले, स्की खांद्यावर. मागे सॅली, मोळीसकट.

"काय झालं?"

"बूट सुटला."

त्यांनी खाली वाकून, दुखरा गुडघा सावरत, बूट हलवून पाहिला. "घट्ट आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुमच्या ताईंचं काम?"

मला खोटं ओठापर्यंत आणता येतं, बाहेर काढता येत नाही. "ताईंचंच," मी म्हणालो.

ते माझ्या शेजारी बर्फात बसले. खिशातून गुळपोळी काढली, तिघांत वाटली, आणि काठीच्या टोकाने आपल्या स्कीचं मेण खरवडत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला याची आवड लागली. क्लबात सांगत सुटलो मी."

शेवटचा येण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं. आयुष्यात मी उगाचच पुष्कळ वेळा शरमलो. त्या दिवशी कारण होतं. "साडूभाऊ," मी म्हणालो, "तो उतार… परत वर जाऊन यावंसं वाटतंय."

"माझं मन राखायला बोलताय."

"मन राखायला बोललो तर मला घाम येतो. बघा."

त्यांनी खरंच माझी टोपी उचलून कपाळाला हात लावला. मग हसू दाबत उठले. "पुढे व्हा. आणि मला हरवायचंच असेल तर नीट हरवा. बसून कसले हरताय."

"चला," सॅली म्हणाली.

शेवटच्या रेषेपाशी ताई थर्मास घेऊन उभ्या होत्या. आधी मी आलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा मागितला नाही. "तुम्हाला एक काम सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मागून साडू आले, हात वर करून, जिंकल्यासारखे, आणि ब्रूसना मोठ्याने सांगू लागले की आपल्या शिष्याने आपल्याला हरवलं.

पुढे गुडघा बदलला. शर्यती बंद झाल्या. हळूहळू चालायला डॉक्टरांची ना नाही. यंदा सॅली मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेली, झेंडे कोण गोळा करणार असा प्रश्न निघाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत साडूंचा हात वर होता. ऑगस्टमध्ये मी उतरलो, कोणी न सांगता. शेवटचा मीच. माझ्या मागे दर थोड्या वेळाने बर्फातून झेंडा उपटल्याचा खस्स असा आवाज येत होता आणि मधूनच "गुडघे." चढावर तो आवाज जरा लांब राहू लागला. तेव्हा मी बुटाशी खाली वाकलो. बूट घट्ट होता. ते त्यांनाही ठाऊक असणार. ते जवळ आले, काही न विचारता काठ्यांवर रेलून उभे राहिले, दम खाल्ला, मोळी सावरली, आणि म्हणाले, "चला."